मानकऱ्याचा एक घास

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि मला सांगा — देवाचं ओझं कशानं उचलतं? भक्तीनं, की अंगानं?

"भक्तीनं!" — बघा, पुढच्या माई लगेच बोलल्या. आणि मागं खांबाला टेकलेले पाटील? गप्प! टेकून बसलेला माणूस असल्या प्रश्नाला उत्तर देत नाही. उत्तर दिलं तर उठावं लागेल ना! असू द्या. उत्तर मीही देत नाही. करंजओढ्याचे हिंदुराव काटकर देतील.

साल कुठलं? आमच्या धाकट्या बहिणीचं, सोनाचं, लग्न झालं ते वर्ष. वैशाखातलं लग्न. पंगत बसली. हिंदुराव गावचे मानकरी, म्हणून पहिला पाट त्यांचा. आले, धोतर सावरलं, बसले — आणि काडकन् आवाज! पाटाचे दोन तुकडे! सागवानी पाट हो! नवरी शालूच्या पदराआड हसली, वाढपी हसले, भटजी हसले.

शेजारी त्यांचे चुलतभाऊ श्रीपती. अंगानं काटक, जिभेनं तिखट. म्हणाले, "दादा, बसलास तर पाट मोडला. आता काठी घेतलीस तर डोंगर मोडशील रं!"

सगळे हसले. हिंदुराव मात्र खाली मान घालून तुकडे गोळा करत राहिले. का? ऐका!

करंजओढ्याच्या डोक्यावर भैरोबाचा डोंगर. चैत्री पुनवेला गावाची सासनकाठी डोंगरावर जाते. सासनकाठी म्हणजे घराच्या दुप्पट उंचीचा कळकाचा बांबू! अंगभर रंगीत कापड, शेंड्याला तुरा. तोल सांभाळायला चार बाजूंना चार दोर, चार माणसं. पण सगळा भार? तो एकाच्या कमरेवर! कमरेला कातड्याचा पट्टा, पट्ट्याला वाटी, वाटीत काठीचं बूड — आणि त्या माणसानं ती नाचवत न्यायची, थेट देवळापर्यंत. हा मान काटकरांच्या थोरल्याचा. हिंदुरावांच्या वडलांनी नेली, आज्यानं नेली.

आणि त्याच चैत्रात, लग्नाच्या महिनाभर आधी, हिंदुराव अर्ध्या चढावर थांबले. छातीचा भाता झाला. काठी कलंडली! एक दोर माझ्या हातात होता, तळहाताची साल निघाली. कशीबशी सावरली, आणि तिथून पुढं काठी चौघांच्या खांद्यावरून आडवी वर गेली. आडवी! मंडळी, खांद्यावरून आडवं काय नेतात ते मी सांगायला नको.

पंच म्हणाले, "हिंदुराव, पुढल्या चैत्रात काठी उभी नेलीत तर मान तुमचा. नाही जमलं तर श्रीपतीचा. आणि मान एकदा घर सोडून गेला, की परत येत नाही."

आता मला सांगा, हिंदुराव आळशी होते का? मुळीच नाही. खादाड? तेही नाही! मग एवढे वाढले कसे? अहो, मानकरी होते ना! गावात बारसं असो, सत्यनारायण असो, नव्या घरात जाणं असो, पहिलं ताट मानकऱ्याचं. ताटाला नाही म्हणायचं नाही, ताटात टाकायचं नाही. पुरणपोळीवर तुपाची धार समोरचा "बास" म्हणेपर्यंत — आणि मानकऱ्यानं बास म्हणायची रीतच नाही! मान खाऊन खाऊन माणूस असा वाढला, की मान पेलायची वेळ आली तर दमच उरला नाही.

लग्नाहून घरी आले. बायको, हौसाक्का, म्हणाल्या, "अवं, कायतरी करा की!"

"करतो. देवाचं काम हाय, देवाच्याच वाटेनं करतो. उपास धरतो!"

रविवार भैरोबाचा, सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, वर एकादशी, वर संकष्टी! गाव म्हणालं, वा, काय निष्ठा! श्रावण सरला. हिंदुरावांनी पट्टा काढला, कमरेला लावला. आधी दोन बोटं कमी पडत होता, आता वीतभर!

"देवा, उपास कुठं कमी पडला?"

देव बिचारा काय सांगणार? सकाळी साबुदाण्याची खिचडी, तुपात. दुपारी वऱ्याचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी. दिवस कलता कलता रताळ्याचा कीस. आणि रात्री राजगिऱ्याचे लाडू — का, तर दिवसभर उपास घडला म्हणून! हसताय? माई, तुमच्या पिशवीतला डबा मला इथून दिसतोय!

मग हिंदुराव तालमीत गेले. जोर, बैठका, मुद्गल — आज्यानं जन्मभर केलं ते यांनी एका सकाळी केलं! पुढं आठवडाभर अंथरुणात. नाकावर माशी बसली तर हौसाक्कांनी वारायची.

शेवटी भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "जाऊ दे मान. बाबांच्या कमरंवरची काठी माझ्या हातनं चालली, हौसा." आणि एवढा मोठा गडी हुंदके देऊन रडला.

ते ऐकलं कुणी? ठकूआत्तीनं. हिंदुरावांच्या वडलांची बहीण. सत्तरी उलटलेली, काडीसारखी म्हातारी. रोज उजाडायला ओढ्याचं पाणी घागरीत भरायची आणि डोंगरावर भैरोबाला घालून यायची. दारात उभी राहून म्हणाली, "झालं का रडून? मग ऊठ. उद्यापासनं देवाची घागर तू न्यायची."

"आत्ती, मला नुसतं चालवत न्हाय!"

"मग रिकामी ने."

"अर्ध्यात दम लागंल."

"लागू दे. जिथं दम लागंल तिथं ठेव, पुढं मी नेते. पर उद्या येशील न्हवं? परवा येशील न्हवं? तेवढंच सांग."

पहिल्या दिवशी रिकामी घागर चढाच्या सुरुवातीच्या चिंचेपर्यंत गेली. म्हाताऱ्या बाया हिंदुरावांना ओलांडून वर गेल्या, परत आल्या, आणि हे अजून चिंचेखालीच! पण दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशी गेले. पाऊस असला तर इरलं घेऊन गेले. मंडळी, मी पाटी धरली तेव्हा माझे केस पिकले होते. मास्तर म्हणायचे, आज एकच अक्षर गिरवा, पण उद्याही या. शरीराचं तसंच आहे हो! एका दिवसात बाराखडी मागाल तर ते पाटी फोडून पळून जातं.

"आणि खाऊ काय, आत्ती?"

"रानात राबणारा खातो तेच. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, आमटी, मूठभर भात, कांदा, ताक. आणि अजून एक भाकरी खाईन वाटलं, की हात धुवायचा."

"आणि मानाची ताटं?"

खरी गाठ तिथंच होती. ताट नाकारलं तर गाव दुखावतं, खाल्लं तर काठी जाते.

कार्तिकात माळ्यांच्या घरी बारसं होतं. ताट आलं, तूप आलं. हिंदुरावांनी एक घास हातावर घेतला, कपाळाला लावला, खाल्ला — आणि ताट पुढं सारलं! घरधनीण रडवेली झाली. "मानकऱ्यांनी ताट सारलं! आमचं काय चुकलं?"

तेवढ्यात बायकांतून ठकूआत्ती बोलली, "काय चुकलं न्हाय, बाई. मान घासाला असतो, ताटाला न्हाय. मानकऱ्याचा घास पोटात गेला, तुझ्या बाळाला आशीर्वाद पोचला. देव तर नैवेद्याचं एक शितबी उचलत न्हाय, त्याच्यावर कधी रुसलीस का?"

बाई रडता रडता हसली. पण भरलेलं ताट तसंच! तेव्हा श्रीपती पुढं सरकले. "वाया कशाला घालवता? फुडल्या वर्षी मान माझाच हाय. ताटाची सवय आत्तापासनं करतो!" आणि ओढलं की ताट!

तिथून रीतच पडली. घास हिंदुरावांचा, ताट श्रीपतींचं! मार्गशीर्ष गेला, पौष गेला. हिंदुरावांची घागर भरून वर जाऊ लागली. आणि श्रीपतींच्या सदऱ्याची गुंडी? ती एक दिवस उडाली, ती ताकाच्या वाटीत पडली!

आली चैत्री पुनव! हलगी वाजली, गुलाल उडाला. हिंदुरावांनी पट्टा बांधला — बसला! काठी वाटीत उभी राहिली. चार दोरांतला एक मी धरला. एक श्रीपतींनी मागून घेतला. दादा थांबला, की तिथंच काठी आपल्याकडं घ्यायची, हा बेत!

चांगभलं!

चढ लागला. चिंच गेली. गेल्या वर्षीचं वळण आलं. आणि काय सांगू मंडळी — कुणाचा तरी भाता सुरू झाला! सगळ्यांनी हिंदुरावांकडं बघितलं. हौसाक्कांनी पदर तोंडात धरला. पण आवाज हिंदुरावांचा नव्हता! श्रीपती धापा टाकत होते, घामानं निथळत होते. बसले की धोंड्यावर मटकन्! दोर सुटला! काठी कलंडली!

हिंदुरावांनी पाय रोवले. मांड्या थरथरल्या, मानेच्या शिरा फुगल्या. पण रोज घागर वाहिलेली कंबर ती! हळूहळू... हळूहळू... काठी सरळ झाली. मग ओरडले, "दोर राहू द्या! श्रीपतीला आधी पाणी पाजा!" आणि तीन दोरांवर काठी नाचवत नेली, थेट देवळाच्या दारात!

बऱ्याच वेळानं श्रीपती वर पोचले. पायरीवर बसले. "दादा, डोंगर वाढला का रं?"

"डोंगर तेवढाच हाय. तू वाढलास." मग हिंदुरावांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "मी बी तिथंच बसलो हुतो. उद्या सकाळी ओढ्यावर ये. रिकामी घागर देतो."

आणि श्रीपती गेले हो! पहिल्या दिवशी चिंचेपर्यंत.

तर मंडळी, भक्तीनं की अंगानं? अंग नसतं तर काठी पडली असती, हे उघड आहे. पण ते अंग आलं कुठून? "उद्या येशील न्हवं?" या प्रश्नाला रोज पाळलेल्या होकारातून! त्या होकाराला भक्ती म्हणा, व्यायाम म्हणा, देवाची हरकत नाही.

आता तुमचं बोला! मृदंगवाले बापू, मृदंग पोटावर आहे की पोट मृदंगावर? सूनबाई, घरातली पोरं पाकिटातलं चटकमटक खातात आणि भाकरी बघून नाक मुरडतात, ते बघताय ना? आणि पाटील, देवळापासून तुमचं घर ते किती लांब, तरी बाहेर गाडी उभी! थोड्या वेळात महाप्रसादाला शिरा येईल. घास घ्या, कपाळाला लावा. दुसऱ्यांदा द्रोण पुढं कराल तेव्हा मी बघणार आहे! आणि उद्या सकाळी पायात वहाणा घालून बाहेर पडा. लांब जाऊ नका. दम लागेल तिथून परत फिरा. परवा पुन्हा निघा.

ठकूआत्ती त्या काठीनंतर पुष्कळ वर्षं जगल्या. आषाढात, झोपेत गेल्या. श्रीपती काटकर ऐंशी पार करून गेले. आणि हिंदुराव गेल्या वर्षी मार्गशीर्षात, रविवारी सकाळी गेले. वय एक्याण्णव.