नोलनला डाव्या टोकालाच ठेवा

नाही नाही, ती नका घेऊ, कालची आहे — ही जर्दाळूवाली घ्या. कोलाची, साहेब, आमच्या पणजोबांच्या मुलखातला गोड पाव. अहो खा, मावशीनं बजावलंय, फुटबॉल क्लबचा माणूस आला की ताजंच द्यायचं, शिळं ते गाववाल्यांना. सांडू दे हो, मी आहे ना पुसायला, त्याचसाठी ठेवलंय मला या दुकानात. तर काय म्हणत होतात? हां, माझा भाऊ. नोलन कुबिचेक. भारीच आहात हां तुम्ही खेळाडू पारखणारे लोक — हजामाला विचारून झालं, पाद्रीबाबांना विचारून झालं, आता बहिणीवर आलात. मला कळलंय, परवा कॉलेजात त्याला नुसत्या चड्डीवर उभा केलात आणि टेप लावलीत. दंड, पंजा, मांडी. आमच्या जत्रेत बैल असाच बघतात, फक्त त्याचे दातही मोजतात. तुम्ही दात सोडलेत — का तेपण झालं?

हात आखूड निघाले म्हणे. बरं मग? आखूड म्हणजे काय, गुडघ्यापर्यंत पोचत नाहीत म्हणून? माणूस आहे तो, वानर नाही. चार वर्षं त्या कॉलेजासाठी अमेरिकन फुटबॉलच्या रांगेत डाव्या टोकाला भिंत होऊन उभा राहिला, मागच्या चेंडू फेकणाऱ्या गोऱ्यागोमट्याला कुणाचं बोट लागू दिलं नाही — पेपरात फोटो कुणाचा? त्या गोऱ्यागोमट्याचा. नोलनचं फार तर कोपर येतं कडेला. आणि आता तुम्ही म्हणता, डावं टोक लांब हातवाल्यांचं, याला उजवीकडं खेळवू. उजवीकडं कशाला? नको. नको म्हणजे… सवय नाही त्याला. अहो, सवय म्हणजे सवय! तुम्ही लिहिता कुठल्या हातानं? मग उद्यापासून दुसऱ्या हातानं लिहा बघू.

हसा, हसा. तुम्हाला मस्करी वाटते. या एप्रिलात क्लब कॉलेजातली पोरं निवडतील तेव्हा त्याचं नाव पुकारलं नाही ना, तर तो सोमवारी धान्याच्या कोठारावर फावडं घेऊन उभा राहणार, आणि मग जन्मभर तिथंच. ते बघवणार नाही मला. म्हणून सांगते, डावीकडं ठेवा. परक्या मैदानावर लोक घसा फाडून बोंबलतात ना, चेंडू सुटायची हाक ऐकू येऊ नये म्हणून — तेव्हा सगळे गडबडून आधीच उडी मारतात, पंचाकडून दंड ओढवून घेतात. आमचा नोलन? खांब! फक्त चेंडूकडं बघतो. चेंडू हलला की हा हलला. आहे असा दुसरा?

काय? स्वभाव? कोण म्हणालं — पाद्रीबाबा? "कुणी शिव्या घातल्या तरी उलटून बघत नाही, संत आहे पोरगा"? संत! डोंबलाचा संत! अहो, ती माझी पैज असते. प्रार्थनेला मी त्याच्या डाव्या बाजूला बसते, हात जोडते, आणि अगदी भक्तिभावानं म्हणते — "नोलन, तू म्हशीच्या पोटचा आहेस, तुझ्या मोज्यांना मेल्या उंदराचा वास येतो, आमेन." चुलत भावंडं तोंडात रुमाल कोंबतात आणि हा आपला शांत! मेणबत्तीसारखा! मग पाद्रीबाबांना संत वाटणारच. तेच उजवीकडून म्हणून बघा — म्हटलं होतं ना मी एकदा, उचलून बर्फाच्या ढिगात उलटी खोचली मला, नुसते बूट वर. एवढा सं—

चावायचं का थांबलात?

मस्करी केली मी. अहो, थापा मारते मी, गावात कुणालाही विचारा, शेल्बी कुबिचेकनं खरं बोलल्याचं कुणाच्या आठवणीत नाही. ऐकू येतं त्याला. एका बाजूनं थोडं कमी — म्हणजे मुळीच… असं बघू नका ना माझ्याकडं. त्यानं काय केलंय? केलं ते बापानं. आमचा बाप शाळेच्या संघाचा मास्तर होता. म्हणायचा, समोरचा कानाखाली हाणेल तेव्हा डोळा मिटता कामा नये. मग परसात उभा करायचा नोलनला, हेल्मेट न घालता, आणि हाणायचा. रोज. बाप उजव्या हाताचा, म्हणजे समोरच्याचा डावाच कान येणार ना. आई म्हणाली डॉक्टरला दाखवू, तर म्हणे, कागदावर आलं की पोराचा खेळ संपला, गप्प बसा सगळे. बसलो की गप्प. इतकी वर्षं मीसुद्धा गप्प बसले, साहेब, मी! आणि आज… पण डोळा मिटत नाही हां त्याचा. ते खरं आहे. ते सांगा तुमच्या क्लबात.

डावीकडं ठेवलं तर मधून येणारी हाक त्याच्या उजव्या कानावर येते, काही अडत नाही, चार वर्षं अडलं नाही. तुम्ही नुसतं एवढंच म्हणा, की डावीकडं बरा आहे पोरगा. म्हणाल ना? वही का मिटलीत? मघापासून हे सांग, ते सांग करून लिहीत होतात, आता पेन खिशात?

कळलं.

ती बाहेर गाडी थांबली ना, तोच आहे. तुम्ही येणार म्हणून सकाळी शर्टाला स्वतः इस्त्री केली त्यानं, कॉलर जाळली. आत आला की हसेल, हात पुढं करेल. तो हात हातात घेऊ नका. घेतलात तर त्याला वाटेल, झालं काम. मागचं दार तिकडं, पिठाच्या पोत्यांच्या पलीकडं. उठा. उठा ना! जा म्हणते ना मी —