कडी नसलेलं दार

बालमानसतज्ज्ञांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या. नात आत बुद्धिमापन चाचणी देत होती. पंखा पेंगत फिरत होता.

“आई, अजून तेच दाराचं चित्र दाखवत असतील का गं?”

“कुठलं?”

“कडी नसलेलं. चित्रात काय राहिलंय, असं विचारलं होतं. मी म्हटलं, दाराबाहेर कोणीतरी थांबलंय, ते काढायचं राहिलंय.”

“आणि शून्य घेऊन आलीस. मंद मुलांच्या वर्गात घालणार होते तुला.”

“चार वर्षांनी पुन्हा चाचणी घेतली, तर म्हणाले, भलतीच हुशार आहे.”

“तोवर तू कडी बघायला शिकली होतीस.”

“मग त्यातली खरी मी कुठली गं?”

“मला काय विचारतेस? मी दोन्ही वेळा बाहेरच बसले होते.”

दार उघडलं. नात बाहेर आली.

“झालं का गं, चिमणे?”

“हो आई. एका दाराला कडीच नव्हती. मी लगेच सांगितलं.”

“शाबास.”

आजीने हळूच विचारलं, “आणि दाराबाहेर कोणी होतं का गं?”

“काय गं आजी, तुम्ही दोघी होतात की.”