बासष्टावं पान

बाई : …म्हणूनच तुला थांबवलं. दार लोटून घे आणि ही धर तुझी निबंधाची वही. घाबरू नकोस, आज मीच घाबरलेय.

मुलगी : तुम्ही, बाई?

बाई : शून्य खोडलंय मी. बघ तरी.

मुलगी : 'वाक्य मनाने रचले आहे', हा शेरापण खोडलाय.

बाई : रचलं नव्हतंसच ना तू. बासष्टाव्या पानावर आहे ते. आई दोन ताटं मांडते, मग एक उचलून ठेवते. काल कादंबरी उघडली, तेव्हा दिसलं.

मुलगी : पानाचा नंबर लिहिला होता मी. तुम्हीच सांगितलं होतं.

बाई : सांगितलं होतं गं. आधी आपलं म्हणणं, मग पुस्तकातला पुरावा, मग त्यातून म्हणणं कसं खरं ठरतं ते. दरवर्षी घसा कोरडा करून सांगते. आणि स्वतः…

मुलगी : पुस्तक बघितलंच नाहीत?

बाई : माझी टिपणं बघितली. बारा वर्षांपूर्वीची. त्यात 'आई कठोर आहे' एवढंच. ताटंबिटं काही नाही. तू लिहिलंस, ती कठोर नाही, मुलाची वाट बघतेय. मला वाटलं, पोरीनं दिलं ठोकून.

मुलगी : मी तेव्हाच म्हटलं होतं, बाई.

बाई : आणि मी तुला अख्ख्या वर्गासमोर गप्प बसवलं. फार चुकलं गं माझं. काल जेवणसुद्धा गेलं नाही. उद्या वर्गात सगळ्यांसमोर सांगणार आहे.

मुलगी : वर्गाचं राहू द्या. वर्ग कधीच विसरला. घरी…

बाई : घरी काय?

मुलगी : वहीवर बाबांची सही लागते ना. तुमचा शेरा वाचला, तेव्हापासून ते माझं काहीच खरं मानत नाहीत. मैत्रिणीकडे गेले तरी फोन करून विचारतात, आलीय का म्हणून.

बाई : अगं, पान दाखवायचंस ना त्यांना!

मुलगी : पुस्तक पुढ्यात धरलं होतं. बघितलंच नाही. म्हणाले, बाई कशाला खोटं लिहितील?

(बाई चष्मा काढून टेबलावर ठेवतात.)

बाई : चल, तुझ्याबरोबरच निघते. सांगते त्यांना, पोरगी खरं बोलत होती.

मुलगी : तुम्ही सांगितलंत की लगेच पटेल त्यांना. पुस्तक न बघताच.

बाई : मग बरंच आहे की.

मुलगी : नाही, बाई. तुम्ही जरा वेळ काही बोलू नका. आधी त्यांना ते पान वाचू द्या.