दोरीपल्याडचा रस्सा

या, शेकोटीजवळ सरका. मोबाईल खिशात घाला. आता ऐका. ही आपल्या ओढ्याकाठची गोष्ट न्हाई, जपानातली हाय. हसताय काय? तिकडं काय माणसं मरत न्हाईत व्हय?

आपला हिंदुराव चौगले. त्याची लेक अस्मिता तिकडं नोकरीला. तिनं आई-बापाला बोलवून घेतलं, आन एक दिवस डोंगरातली जुनी गावं दाखवाय नेलं. हिंदुराव, त्याची बायको शालन आन लेक. तिघंच.

तर गाव काय सांगू! गवताची उंच उंच छपरं, दोन हात जोडल्यागत. दारातनं पाट व्हातोय, पाटात मासं. शालन नुसती बघत ऱ्हायली. आन हा बाबा? नाक मुरडून म्हणतोय, "आमच्याकडं असल्या छपरात म्हसरं बांधत्यात."

दुपारी जेवाय बसली. लेकीनं हौसेनं मागवलं. गार शेवया, वाळल्या पानावर भाजलेली सोयाबीनची चटणी, काठीला टोचून निखाऱ्यावर धरलेला नदीचा मासा. वाढणारी म्हातारी गुडघं टेकून वाढत हुती. शालननं माशाचा काटान् काटा चोखला. ह्यानं ताट ढकललं.

"हे काय जेवण? आजाऱ्याचा पथ्याचा डबा! ह्यांच्या सात पिढ्यांनी मिरची बघितली नसंल."

म्हातारीला भाषा कळली न्हाई, पर तोंड कळलं की! गुमान ताट उचलून आत गेली. अस्मिताच्या डोळ्यांत पाणी. आन शालन? गप. लगीन झाल्यापास्नं गपच हुती ती. असला नवरा पदरात पडल्यावर बोलून बोलणार कुणाशी?

दिस बुडाला. अस्मिता म्हणाली, "मी गाडी काढते. तुम्ही सडकेनंच या, खाली पुलापाशी थांबते."

सडकेनं जाईल तर हिंदुराव कसला! शेवटच्या घरामागनं एक पायवाट उतरत हुती. वाटंवर गवताची जाड दोरी आडवी बांधलेली. एक म्हातारा धावत आला. दोन्ही हात आडवं धरून मान हलवाय लागला. नको, नको!

"अवो, तो न्हाई म्हणतोय," शालन म्हणाली.

"खुळं हाय ते," म्हणत ह्यानं दोरीवरनं टांग टाकली. मग काय करती बिचारी? गेली मागनं.

आता ऐका हं. चार पावलं गेली आन पाटाचा आवाज बंद. बटण दाबल्यागत बंद! शेवाळलेला एक धोंडा डाव्या हाताला गेला. जरा चालली, तर तोच धोंडा उजव्या हाताला. परत चालली. आता वाटेच्या मधोमध! चकवा, बाबांनो. आपल्याकडं चकवा म्हणत्यात, तिकडं काय म्हणत असतील ती जाणोत.

आन मग वास आला. कशाचा? खोबरं भाजल्याचा, कांदा-लसणाच्या चटणीचा. तांबड्या रश्श्याचा! जपानच्या डोंगरात!

"हिंदूऽऽ, ये बाळा, जेवून जा."

शालननं आवाज वळखला. सासूचा आवाज. मेलेल्या सासूचा. पर हिंदुराव? लेकरागत पळत सुटला.

झाडीत घर. मधी चूल, चुलीवर पातेलं. पाठमोरी बाई, लुगडं नेसलेली, रस्सा ढवळतीया. हा मांडी घालून बसलासुदीक! शालन उंबऱ्यावर. तिनं बघितलं, जाळ मोठा, पर ऊब न्हाई. रस्सा उकळतोय, पर आवाज न्हाई. बाईनं बसल्या जागेवरनं वाटी पुढं केली. हात लांबला, आणि लांबला, पार चुलीपल्याड आला. कोपरच न्हाई त्याला! मग ती वळली.

कपाळाला कुंकू हुतं. कुंकवाखाली काय बी नव्हतं.

हिंदुरावला फक्त वाटी दिसत हुती. एक घोट गेला पोटात. शालननं दंड धरून वढला, तर हालंना. धोंड्यागत जड. दुसरा घोट तोंडाशी आला, आन तिचं टाळकं सटाकलं.

"थू! ह्याला रस्सा म्हणतीस? भांडी धुतलेलं पाणी हाय ते! माझी सासू आंधळी झाल्यावर बी ह्यापरास बरा करायची. सोंग घ्यायचं तर नीट घे, भवाने! तोंड न्हाई आन निघाली जेवाय घालाय!"

लांबलेला हात तिथंच थांबला. भ्यालेली माणसं लई बघितली असतील तिनं. पर नावं ठेवणारं कुणी भेटलं नव्हतं. शालन बोलत ऱ्हायली, सारा जन्म साठवलेलं ओकत ऱ्हायली, आन जाळ बारीक बारीक व्हत गेला. फस्! अंधार.

घर न्हाई, चूल न्हाई. दरीची कड! हिंदुरावचा एक पाय कडंवर, दुसरा हवेत. शालननं गचांडी धरून मागं वढला. खाली पुलावर अस्मिता गाडीचा हॉर्न वाजवत हुती.

वाचला. पर गिळलेला एक घोट आत ऱ्हायलाच. तवापास्नं त्याच्या जिभेला चव न्हाई. मीठ न्हाई, साखर न्हाई, मिरची बी न्हाई. शालन वाढती, हा मान खाली घालून चावतो. म्हणतो, पेंड खाल्ल्यागत लागतंय.

म्हणून सांगतो, कुठल्याबी मुलखात जावा, लोकांनी वाट आडवली असंल तर तिकडं पाय टाकू नका. आन परक्या डोंगरात कुणी आईच्या आवाजात जेवाय हाक मारली, तर पोटात कितीबी आग पडू दे, ओ देऊ नका.