मुळे बहाळ मुख्य

…तर 'मुळे बहाळ मुख्य' एवढंच ऐकू आलं मला, आणि तेवढ्यात आमच्या मेल्या कुकरनं शिट्टी मारली, आता त्यात माझा काय दोष, सांगा! तुमाला सांगते, मी काय कान लावून बसले नव्हते, कानावर आलं! आमची सैपाकाची खिडकी आणि शेजारच्या इंदुअक्कांची खिडकी समोरासमोर, मधी एवढासा बोळ, त्यांनी मिरची फोडणीला टाकली की शिंक मला येती. त्यात अक्का फोन धरतात कसा, तळहातावर, भाकरीगत, स्पीकर लावून! पलीकडनं कलबुर्गीचा डॉक्टर कानडीत बोलायलाय, 'अम्मा, इंजेक्शन तप्पसबेडि, मत्त अच्युतरावरिगे मूळे बहाळ मुख्य, इल्लांद्रे…' म्हणजे इंजेक्शन चुकवू नका, आणि अच्युतरावांना मुळे लई महत्त्वाचे, न्हाईतर… आणि फुर्रर्र! न्हाईतर काय? न्हाईतर काय होतंय? आता हे असं अर्धवट पोटात ठेवून माणसाला झोप येती का?

अच्युतराव म्हणजे अक्कांचे मालक. इथं आळंदच्या हायस्कुलात गणित शिकवून रिटायर झाले, समदे त्यांना सर म्हणतात, मी अण्णा म्हणते. त्यांना कॅन्सर झालाय. प्रोस्टेटचा. आता हे प्रोस्टेट काय असतंय म्हणून मी आमच्या मालकाला विचारलं, तर ते म्हणले, 'बाईमाणसानं असलं इचारू नये.' म्हणजे त्यांनाबी ठावं नव्हतं! मग आमच्या पिंकीनं मोबाइलवर वाचून सांगितलं, की पुरुषाच्या लघवीच्या पिशवीखाली एक ग्रंथी असती, तिथला आजार हा. आणि अण्णांचा पार लांबवर पसरलाय, म्हणून आता कापून उपयोग न्हाई. इंजेक्शन देऊन पुरुषाचं हार्मोन बंद करायचं, म्हणजे आजाराचं खाणंच बंद. जाणार न्हाई तो, पण दबून बसतोय.

तुमी म्हणाल, नागूबाई, मुळ्याला कानडीत तर मूलंगी म्हणतात. व्हय की, ठावं हाय मला! खजुरीचं माहेर हाय माझं, अर्धी कानडी दुधासंगं प्यालेय. पण मी म्हणले, डॉक्टर मैसूरकडला, शिकलेला माणूस, पेशंट मराठी म्हणून बिचाऱ्यानं मुद्दाम मराठी शब्द घातला असंल. किती कौतुक वाटलं मला त्याचं!

मग काय, माणूस मुळ्यानं वाचतोय म्हणल्यावर गप बसायचं? मी फक्त यल्लम्मा भाजीवालीला सांगितलं. फक्त तिला. दिवस मावळायच्या आत समद्या गल्लीत मुळा! मुळ्याची कोशिंबीर, मुळ्याचा पराठा, मुळा घालून वरण, मुळ्याची पचडी… बसवंतप्पाच्या घरून तर खीर आली. मुळ्याची! गुळातली! आणि देऊन जातील तर शपथ. 'खावा सर, आमच्यासमोर खावा,' म्हणून वाटी रिकामी होईस्तोवर उंबऱ्यात उभे! अण्णा सभ्य माणूस. नको म्हणायचं त्यांना येतच न्हाई. खायचे, ढेकर दाबायचे, 'वा, वा' म्हणायचे. मग हळूहळू त्यांनी दारच लावून घेतलं. फिरणं बंद, ओट्यावर पेपर वाचणं बंद. मी म्हणले, कामून? मुळा बाधला का काय?

तेवढ्यात आली येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. समदा गाव डोक्यावर पाट्या घेऊन शेतात जेवायला गेला, अण्णा काय निघाले न्हाईत. मी संध्याकाळी भज्जीच्या मिसळभाजीचा आणि आंबिलीचा डबा घेऊन गेले त्यांच्याकडं. आणि तुमाला सांगते, मी काय कान लावून बसले नव्हते, चप्पल काढायला वाकले होते, कानावर आलं! आतनं अण्णांचा आवाज. थंडी अशी की दात वाजायलेत, आणि आत पंखा फुल्ल!

'इंदू, मी पुढच्या सोमवारी इंजेक्शनला जाणार नाही. बस झालं.'

'अहो, असं काय बोलता…'

'मग कसं बोलू? अंगातून आग निघते. वर्गात कधी आवाज चढवला नाही, तो मी टीव्हीवर कुणाचं लग्न लागलं तरी रडतो. छाती बायकांसारखी दुखते. डॉक्टर म्हणतात, रोज चाला. कुठं चालू? चावडीपर्यंत जाईस्तवर सदरा पिळून काढावा लागतो. लोक विचारतात, सर, नळाखाली बसला होतात काय? आणि घरात बसावं तर दारात मुळे घेऊन माणसं! माझ्याच अंगात कोंडल्यासारखं झालंय गं मला. बाहेर निघायला वाटच नाही.'

'पण नाही घेतलं तर तो आजार पुन्हा उठेल हो! आपल्या सुधींद्रला काय सांगू मी?' आणि पुढं अक्कांचं नुसतं मुसमुसणं.

आता तुमी सांगा, माझ्या जागी तुमी असता तर डबा पायरीवर ठेवून गेला असता? मला न्हाई जमलं. घुसले. अण्णा बसलेत गळ्याला ओला टावेल गुंडाळून, तोंड लालबुंद, मला बघून टावेल लपवायलेत. आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं, 'अण्णा, मलाबी व्हायलंय.'

'काय?'

'हेच! आग. पाळी गेली तवापासनं.'

बोलले आणि जीभ चावली! परक्या पुरुषासमोर, तेबी सरांसमोर, पाळी! आमच्या मालकाच्या कानावर गेलं असतं तर इंजेक्शन त्यांनाच द्यावं लागलं असतं. अक्का माझ्याकडं बघायल्यात, मी डब्याकडं. अण्णांनी लपवलेला टावेल परत गळ्याशी धरला. मग हळूच म्हणले,

'तुम्हाला पण… असं एकदम येतं?'

'एकदम? अवो नणंदेच्या लेकीच्या लग्नात अक्षता टाकायला हात उचलला, आणि असा भडका उठला की मी नवरा-नवरीकडं पाठ करून कूलरसमोर! समद्या अक्षता कूलरवर! भटजी म्हणले, मावशी, लग्न इकडं लागायलंय!'

अण्णा हसले की हो! खदखदा! हसता हसता रडले, रडता रडता घामानं भिजले, समदं एकदाच. अक्का एका हातानं त्यांना वारा घालायल्या, दुसऱ्या हातानं सोताचे डोळे पुसायल्या.

'मग तुम्ही काय करता?'

'काय करणार? पातळ सुती कपडे घालते, चहा कमी केलाय, मिरची कमी केलीय, पदरानं वारा घालते, आणि मनातल्या मनात दोन शिव्या हासडते. जातोय निघून. समद्या बाया यातनंच चालल्यात अण्णा, कोण दार लावून बसलंय? बसलं तर भाकरी कोण थापणार?'

अण्णांनी टावेल काढून खुर्चीवर ठेवला. म्हणले, 'असं करा नागूबाई. तुम्ही सोबत येणार असाल तर जातो इंजेक्शनला. आणि रोज फिरायलाही. दोघं भिजलेले दिसलो म्हणजे लोक मला एकट्याला विचारणार नाहीत.'

अडकले का न्हाई मी? मला चालायचा लई कंटाळा! मी दारात उभं राहून गल्ली बघणारी बाई, चालायला लागलं की गल्ली मागंच राहती! पण न्हाई कसं म्हणू? अक्का हात जोडून उभ्या.

तर सोमवारी निघालो. त्यांचा लेक सुधींद्र, तो कडगंचीच्या विद्यापीठात हाय, त्यानं गाडी आणली. डॉक्टरसमोर अण्णा गप, अक्का गप, मग बोलणार कोण? मीच म्हणले कानडीत, 'डॉक्टर, तुमी सांगितल्यापासनं मुळे चालू हायत. रोज. एक दिवस खाडा न्हाई.'

डॉक्टर म्हणतोय, 'काय चालू आहेत?'

'मुळे! मूलंगी! तुमीच म्हणलात न्हवं, मूळे बहाळ मुख्य!'

डॉक्टरनं चष्मा काढला. सुधींद्रनं तोंड भिंतीकडं केलं, खांदे हलायलेत त्याचे. आणि मग कळलं! अवो, आमच्याकडं कानडीत हाडाला एलबू म्हणतात. जन्मल्यापासनं एलबूच ऐकलंय मी. आणि हा मैसूरचा बाबा हाडाला मूळे म्हणतोय! त्या इंजेक्शननं हाडं ठिसूळ व्हतात, म्हणून हाडं लई महत्त्वाची, न्हाईतर पडले-झडले की मोडतील, असं होतं ते 'न्हाईतर'! माझ्या कुकरनं खाल्लेलं!

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. वर्गात उत्तर चुकल्यावर पोरांकडं बघत असतील ना, तसं. 'म्हणजे नागूबाई… ती खीर मी उगीच खाल्ली?'

पण थांबा! डॉक्टर हसणं आवरून म्हणला, 'मुळ्यात काही एवढं नाही, पण त्याचा पाला खात जा, पाल्यात कॅल्शियम असतं.' बघा! आणि आमी काय करायलो होतो? मुळा अण्णांना, पाला यल्लम्माच्या शेळीला! शेळीची हाडं बघा कशी हायत, भिंतीवरनं उड्या मारती! मग डॉक्टरनं बाकीचं सांगितलं, की नुसत्या पाल्यानंबी भागत न्हाई. दूध-ताक घ्या, रागी, डाळी खावा, मीठ-साखर-तळण कमी करा, उन्हात चाला, हातात थोडं वजन घेऊन उचला, ठेवा, म्हणजे अंगातली ताकद उतरत न्हाई. साखर-बीपी तपासत राहा, आणि रडू आलं तर मला सांगा, तो औषधाचा गुण हाय, तुमचा न्हवं. त्यावर अण्णांनी मुकाट्यानं इंजेक्शन घेतलं. मी बाहेर दाराशी उभी होते… कान लावून न्हाई, पण सुई टोचल्यावर 'हं' म्हणले, तेवढं कानावर आलं. आणि माझं मलाच भरून आलं बघा.

मी म्हणले, सुटले. तर डॉक्टर बाहेर येऊन मलाच विचारतोय, 'तुम्ही कोण?' शेजारीण. 'वय? पाळी गेली? मग तुमची हाडंही त्याच वाटेवर आहेत अम्मा. तुम्हीही चाला, तुम्हीही वजन उचला.' अण्णांच्या तोंडावर असं हसू, असं हसू, जसं काय त्यांचाच आजार निम्मा मला वाटून दिला!

तवापासनं रोज सकाळी दारात हाक. दोन हातात वाळू भरलेल्या दोन बाटल्या, पुढं अण्णा, मागं मी, दोघांचे सदरे-झंपर भिजलेले, आणि ओट्याओट्यावरनं लोक बघायल्यात. माझ्या घरची भजी बंद, वडे बंद, आमचे मालक ताटातल्या मुळ्याच्या पाल्याकडं बघून उसासे टाकायल्यात. अण्णा आता पारावर थांबून चार माणसांशी बोलतात, पंख्याखाली बसलेले दिसत न्हाईत, बरं वाटतंय. पण माझी सुटका काय दिसत न्हाई.

काल मी धीर करून म्हणलेच, 'अण्णा, मुळ्याचं मी म्हणलेलं अर्धं तरी खरं निघालं ना, पाल्याचं? मग मी अर्ध्यापर्यंतच येते, पाण्याच्या टाकीपर्यंत. पुढं तुमी जावा.'

अण्णा थांबले. घाम पुसला. बाटली खाली ठेवली. म्हणले, 'या की. पण अर्ध्यातनं घरी यायला तेवढंच परत चालावं लागतं, नागूबाई.'