कौसामावशीचा गोटा आणि डिझेलची जीप

नाव आधी लिहा, कौसल्याबाई, आमच्या खदानीतली कौसामावशी. अन्याय तिच्यावर झाला, अन् तो झाला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याले, सकाळी, पाण्याच्या दुसऱ्या खेपेले, चढावाच्या वळणावर. तिचा डावा हात चेंदला अन् शेठ म्हणे, हे तुयं कामच नव्हतं. एवढं वरतीच आलं पाहिजे, नाहीतर लोकं खालपर्यंत वाचत नाहीत, पत्रकं वाटता वाटता एवढं तं मी शिकलो. आता माह्यं सांगतो.

मी खापरखेड्याकडचा. छप्पन साली बापानं नागपुरात दीक्षा घेतली तवा मी मायच्या कडेवर होतो. बाप मालधक्क्यावर हमाल, घरी आला का एकच सांगे, बाबू, पाठीवर पाहिजे तेवढं घे, पण मान खाली घालून उभा राहू नको. मले शाळेपेक्षा गाड्यांचा नाद, आधी ट्रकवर क्लीनर होतो, मंग लायसन काढलं अन् कोराडी रोडच्या पलीकडच्या एका गिट्टीखदानीत जीपवर डायव्हर लागलो. जीप म्हणजे मिलिटरीच्या लिलावातली, पेट्रोलवाली, तिच्यामागं पाण्याच्या टाकीची ट्रॉली, अन् काम एकच, खालच्या विहिरीचं पाणी वर क्रशरवर न्याचं. मधात चढाव. काय सांगू तुम्हाले, त्या चढावानं भल्याभल्यांचा घाम काढला.

तुम्ही आताच विचारलं ना, का गा, ओढाले डिझेल चांगलं का पेट्रोल, सारेच विचारतेत, ज्याले जुनी जीप घ्याची असते तो चहा पाजते अन् हेच विचारते. तं मी सांगतो, कारण एकाच जीपमध्ये मी दोन्ही चालवलं, तेच चाकं, तोच चढाव. पेट्रोलचं इंजिन थंडीतही एका दाबात उठे, पळाले मस्त, पण भरली टाकी मागं लावली का त्याले जोरात बोंबलवा लागे, जरा पाय ढिला पडला का वळणावर टप्पकन बंद. उन्हाळ्यात इंजिनातल्या पेट्रोलच्या पंपात वाफ धरे, त्यावर ओलं पोतं टाकून बसा लागे. पावसाळ्यात प्लगच्या वायरा ओल्या झाल्या का झालं, फडक्यानं पुसत बसा.

अन् म्हणूनच कौसामावशी होती. ट्रॉलीमागं चाले, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हा एवढा तिकोनी गोटा. गाडी बंद पडली का मी हाक मारो, मावशी वं, अन् हाक पुरी होण्याआधी गोटा चाकामागं. ट्रॉलीले स्वतःचा ब्रेक नव्हता, मावशी हाच ब्रेक. साऱ्या दिवसात कितीदा तरी. कधी कधी मलेच म्हणे, गाडी चालवून राहिला का गाडीले पाळण्यात घालून झुलवून राहिला गा? मी म्हणो, मावशी, हे पेट्रोल हाये, नाजूक हाये. तं ती म्हणे, नाजूक असन तं देव्हाऱ्यात ठेव.

मंग पेट्रोलचे भाव भडकले. शेठनं जीप शहरातल्या मिस्त्रीकडं नेली, पेट्रोलचं इंजिन काढलं, डिझेलचं बसवलं. आली तं काय, धडधड धडधड, सारं अंग हाले, आरशात मागचं दिसेच ना. थंडीत उठाले वेळ लावे. डिझेल पुरं संपू दिलं का लाइनीत हवा धरे, मंग पाना घेऊन हवा काढत बसा. वेग नाही. नाक जड झालं, ओल्या मातीत पुढचे चाकं रुतत. पण ओढाले, अरे बाप्पा! हळू चालीतही पुरा जोर, मानेवर जू घेतलेल्या बैलासारखा, भरली टाकी घेऊन वळण चढून जाये अन् मले पाय दाबाचीही गरज नाही. मावशीनं पहिल्या दिवशीच नाव ठेवलं, म्हणे, ते पेट्रोल म्हणजे नवी सून होती, एका हाकेत उठे पण ओझं दिलं का रुसे, हा म्हातारा सासरा हाये, उठाले खोकलते, पण उठला का थांबत नाही. आम्ही सारे हसलो. शेठही हसला.

अन् हसता हसता म्हणे, मंग आता गोट्याची बाई काहून पाहिजे? गाडी तं बंद पडत नाही.

मावशी म्हणे, शेठजी, गाडी बदलली, चढाव तं नाही बदलला.

शेठनं ऐकलं नाही. तिले ट्रॉलीमागून काढून खाली गिट्टी फोडाले बसवलं, चढावाच्या पायथ्याशी, बायांच्या रांगेत. आता इथं नीट लिहा. जीपले ट्रॉली जोडणारा हूक तोच ठेवला होता, पेट्रोलच्या काळातला, हलक्या ओढीचा. इंजिन दुप्पट जोराचं, हूक जुनाच. मी मुनीमले सांगितलं, हूक बदला. तो म्हणे, तू गाडी चालव, इंजिनियर होऊ नको.

पाडव्याले साऱ्या गावात तान्हा पोळा, लेकरं लाकडी नंदी घेऊन फिरून राहिले, अन् आमची खदान चालू, कारण शेठले माल द्याचा होता. रात्री पाणी पडलेलं, चढाव निसरडा. दुसऱ्या खेपेले वळणावर चाक रुतलं, मी गाडी काढाले जोर दिला, अन् मागं काड्‌दिशी आवाज आला. जीप एकदम हलकी झाली. हलकी झाली म्हणजे काय झालं ते डायव्हरलेच कळते. हूक तुटला होता अन् पाण्यानं भरलेली ट्रॉली उलटी खाली चालली होती, अन् खाली बाया बसल्या होत्या. मी ओरडलो, मावशी वं! तोंडातून दुसरं काही निघालंच नाही, सवयच ती.

अन् ती उठली. बाकीच्या पळाल्या, ही वर पळत आली, बाजूले पडलेला गोटा उचलला अन् चाकाखाली घातला. पहिल्या झटक्याले गोटा सरकला, तिनं डाव्या हातानं दाबून धरला. ट्रॉली थांबली. हात खाली राहिला.

दवाखान्यातून आली तं तीन बोटं नव्हते. शेठ म्हणे, तुले कोणं सांगितलं होतं वं गोटा लावाले? तुयं काम गिट्टी फोडाचं. आपल्या मर्जीनं गेली, भरपाई काहून देऊ? मावशी म्हणे, मंग कोणाचं काम होतं, त्याचं नाव सांगा. शेठजवळ नाव नव्हतं, कारण त्या कामावर कोणी ठेवलंच नव्हतं!

मंग मुनीम माह्याजवळ आला. म्हणे, तू एवढंच लिहून दे का तू तिले हाक मारली नाही, तुयी नोकरी पक्की. मी म्हणलं, हाक मीच मारली, साऱ्या खदानीनं ऐकली. त्याच दिवशी जीपची चाबी माह्या हातून गेली. गेली तं गेली. दुसऱ्या दिवशी बाया चढावावर जाऊन बसल्या, म्हणे ट्रॉलीमागं गोटा असल्याशिवाय पाणी वर जाणार नाही. क्रशर सुका पडला. शेवटी शेठनं नवा हूक बसवला, ट्रॉलीमागं एक गडी ठेवला. गडी! मावशीले नाही. तिले ठेवलं तं कबूल करा लागते ना, का ते काम होतं अन् ते तिचंच होतं.

हे नेमकं कबूल करून घ्याचं हाये आम्हाले. मी आता एका लाकडाच्या टालीवर गाडी चालवतो अन् संध्याकाळी ह्याच गोष्टीची पत्रकं वाटतो. मावशी खदानीच्या गेटवर धरणं धरून बसते, उजव्या हातानं चुंबळ वळत. तिले म्हणलं, मावशी, थकली नाही का वं? तं म्हणे, गोटा लावला का मंग हात काढाचा नसते गा, गाडी पुरी थांबेपर्यंत.

तं ओढाले डिझेलच घ्या, बिनधास्त घ्या, मी नाही म्हणत नाही. पण तुम्ही घर बांधून राहिले, अन् त्या खदानीची गिट्टी तुमच्या घराच्या पायव्यात पडून राहिली हाये. पुढच्या खेपेले गिट्टी घ्याले जाल तवा ट्रक भराच्या आधी शेठले साऱ्यांसमोर विचारा, पाडव्याच्या सकाळी ट्रॉली थांबवणं हे कोणाचं काम होतं? तो कौसल्याबाईचं नाव घेत नाही तवपर्यंत एक पाटीही भरू देऊ नका.