ती चूक निवेदकांची नव्हती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या वाहिनीचे संचालक महोदय, व्यासपीठावर बसलेले सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे जमलो आहोत ते निवेदक भाऊ, त्यांच्या शेजारी मघापासून संकोचून बसलेल्या आमच्या वहिनी, आणि समोरच्या बंधूंनो आणि भगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाईला पाच मिनिटं देणं म्हणजे काय, हे ज्यांनी ठरवलं त्यांना बहुधा कोणी शिकवलेलं नसावं. आमच्या वर्गात घंटा वाजल्याशिवाय बाई थांबत नसत. इथे घंटा दिसत नाही. तेव्हा अध्यक्षांनी कंटाळा आला तर सरळ खाकरावं, मी समजून घेईन.

हा माइक कोणीतरी खाली करून देईल का? हं, आता ठीक. इतके उंच वक्ते बोलून गेले की माझं बोलणं वरच्यावरच निघून गेलं असतं.

भाऊंच्या आवाजाबद्दल माझ्या आधी चौघांनी सांगितलं. गंभीर आवाज, भारदस्त आवाज, अंगावर काटा आणणारा आवाज. इथली तरुण मुलं त्यांना पाठीमागे खर्जबुवा म्हणतात, तेही आज सगळ्यांसमोर उघड झालं. बावीस वर्षं त्यांनी गुन्ह्यांच्या खऱ्या हकिकती या आवाजात सांगितल्या. घरोघरी लोक जेवणाचं ताट पुढ्यात घेऊन त्या ऐकत. आम्हीही ऐकायचो. दुसऱ्याच्या घरातली हकिकत असते तोवर घास घशाखाली उतरतो.

अध्यक्ष मघाशी हसत हसत म्हणाले की बावीस वर्षांत या माणसाने एकच चूक केली. तुम्ही सगळे हसलात. भाऊही हसले. मी हसले नाही, कारण ती चूक माझ्या मुलीच्या भागात झाली होती आणि तिच्याबद्दल बोलायलाच मी आले आहे. भाऊंनी आज सकाळी मला फोन केला होता. म्हणाले, बाई, तुम्ही आपलं आवाजाबद्दल चार शब्द बोला आणि बसा. आत्ताही ते तिकडून मान हलवताहेत, बघा. भाऊ, मान हलवू नका, मुलांनी मान हलवली म्हणून मी कधी धडा बदललेला नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नऊ वर्षांपूर्वी आमची मुलगी गेली. चोवीस वर्षांची होती. एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढायची. एका जागी बसणं तिला माहीत नव्हतं, म्हणून घरात आम्ही तिला भिंगरी म्हणायचो. तिच्याच कचेरीतल्या एका माणसाला तिने नकार दिला होता, आणि एका संध्याकाळी आमच्या घरापासून तिसऱ्या वळणावर त्याने तिला गाठलं. त्याला लोकांनी तिथेच धरलं. खटला चालला, जन्मठेप झाली. त्या माणसाबद्दल मी याहून जास्त बोलणार नाही. त्याचं बालपण, त्याचा स्वभाव, त्याचा राग, सगळ्यावर तज्ज्ञ मंडळी पुष्कळ बोलून चुकली आहेत. माझी मुलगी नकाशातले जिने फार सुंदर काढायची, हे मात्र कोणी विचारलं नाही.

निकाल लागल्यावर काही महिन्यांनी तुमच्या कार्यक्रमात तिचा भाग आला. त्यात भाऊंच्या आवाजात एक वाक्य होतं. "त्या संध्याकाळी ती घरी कोणालाही न सांगता बाहेर पडली." एवढंच. बाकी सगळा भाग बरोबर होता. पण ऐकणाऱ्या लोकांना एवढं एक वाक्य पुरतं. न सांगता का गेली असेल? कोणाला भेटायला गेली असेल? माझ्या सख्ख्या नणंदेने मला स्वयंपाकघरात हळूच विचारलं, तुला खरंच काही माहीत नव्हतं का गं? वरच्या मजल्यावरच्या बाईंनी आपल्या मुलीचा संध्याकाळचा क्लास बंद केला. त्या मुलीवर जिन्यात ओरडताना मी त्यांना ऐकलं, "न सांगता गेलीस तर काय होतं ते बघितलंस ना?" माझी मुलगी त्या जिन्यात लहानाची मोठी झाली होती, आणि आता तिचं नाव तिथे धाक घालायला वापरत होते.

मी तिरीमिरीत इथे आले. याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. रागाने माझी जीभ वळवळत होती. दारात एक किडकिडीत गृहस्थ गळ्याला मफलर गुंडाळून थर्मासमधलं गरम पाणी पीत उभे होते. मला वाटलं, हे कोणी पंखे दुरुस्त करणारे असतील. मी म्हटलं, अहो, त्या निवेदकाला बोलवा बघू बाहेर. ते म्हणाले, "बसा बाई." आणि त्या एवढ्याशा छातीतून तो आवाज आला. वहिनी, तुम्ही हसताय, पण माझी काय अवस्था झाली असेल! एरवी मी खुर्चीत बसून हसले असते. तेव्हा मात्र मी त्यांना पाऊण तास फैलावर घेतलं. एका मेलेल्या मुलीबद्दल वाटेल ते बोलता, एक फोन करता आला नाही तुम्हाला? घरी आई आहे, बाप आहे, विचारायला काय झालं होतं? त्यांनी थर्मासचं झाकण लावलं. शेवटी एवढंच म्हणाले, "विचारलं नाही, हे खरं आहे."

त्यावर थांबावं की नाही माणसाने? पण मी मास्तरीण. मी म्हटलं, हे वाक्य आणलंत कुठून ते दाखवा. ते म्हणाले, राहू द्या बाई. मी म्हटलं, राहू कशाला द्यायचं? टेबलावर फाइल होती, ती मी ओढून घेतली. वरचाच कागद होता. पोलिसांनी घेतलेल्या जबाबाची प्रत. "मुलगी मला काही न सांगता घराबाहेर पडली." खाली सही माझी होती.

हो. माझी. अध्यक्ष महोदय, ते वाक्य निवेदकांचं नव्हतं. तुमच्या लेखकाचंही नव्हतं. ते मी दिलं होतं.

आता कसं ते सांगते, आणि आमच्या ह्यांना विचारून सांगते आहे. ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत, निळा शर्ट.

भिंगरी मला सांगून गेली होती. मी गॅलरीत वाळलेल्या चादरी काढत होते. दारातून म्हणाली, "आई, बाबांचा चष्मा घेऊन येते, दुकान बंद होईल. चादरींच्या घड्या तू एकटी घालू नकोस, कंबर धरेल. मी आल्यावर घालू." ह्यांच्या चष्म्याची काडी मोडली होती, तिनेच तो दुरुस्तीला टाकला होता. दुसऱ्या दिवशी जबाब घ्यायला आमच्या बाहेरच्या खोलीत एक पोलीस बाई बसल्या होत्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या. त्यांनी विचारलं, मुलगी कुठे जाते ते सांगून गेली होती का? हे माझ्या शेजारी बसले होते. त्यांचा हात सारखा शर्टाच्या खिशाकडे जात होता, जिथे एरवी चष्मा असतो. खिसा रिकामा होता. मी त्या हाताकडे बघितलं आणि म्हटलं, नाही. काही न सांगता गेली.

मला वाटलं, एवढ्याने काय बिघडणार आहे? मारणारा सापडला आहे, खटल्याला काही फरक पडत नाही, आणि खरोखर पडलाही नाही. पण या माणसाला उरलेलं आयुष्य आपल्या चष्म्यापायी पोरगी गेली असं वाटायला नको. मी ह्यांना वाचवायला गेले. पोरीचं काय होईल, हा विचार माझ्या मनात आला नाही. तिला आता काय लागणार आहे, असं वाटलं. आईला असं वाटलं. गेलेल्या माणसाला फक्त नावच उरतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

हे सगळं मी भाऊंना त्या तिसऱ्या मजल्यावर सांगितलं. त्यांनी मफलर सोडला, परत गुंडाळला. मला म्हणाले, "दुरुस्ती मी कार्यक्रमातच करतो. पण त्याआधी तुम्ही घरी सांगा. त्यांना हे टीव्हीवरून कळता कामा नये."

घरी सांगायला मला अकरा दिवस लागले. मुलांना पाढे शिकवणारी बाई मी, पण नवऱ्यासमोर तोंड उघडेना. शेवटी एका सकाळी हे दाढी करत होते, आरशात मला बघत होते, तेव्हा सांगून टाकलं. ह्यांनी वस्तरा बाजूला ठेवला. म्हणाले, "मला माहीत आहे. दुकानदाराने पुढच्याच आठवड्यात चष्मा घरी आणून दिला होता. तू आत पडून होतीस. तो म्हणाला, मुलीने दुपारी फोन केला होता, संध्याकाळी न्यायला येते म्हणून." मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "तू मला का नाही सांगितलंस?"

म्हणजे बघा, दीड वर्ष हे माहीत असून गप्प, मी माहीत असून गप्प. आम्ही दोघं एकमेकांना जपत बसलो आणि पोरीला उघड्यावर टाकलं. त्या दिवशी आम्ही दोघं पहिल्यांदा एकत्र रडलो. तोवर आळीपाळीने रडत होतो, एकाने दुसऱ्याला दिसू न देता.

त्यानंतरच्या भागात भाऊंनी दुरुस्ती वाचली. तुमच्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल. "मागे एका भागात मी एक चुकीचं वाक्य वाचलं. ती मुलगी आईला सांगून घराबाहेर पडली होती. ही चूक माझी आहे." माझा जबाब त्यांच्या फाइलमध्ये होता. तो कागद नुसता वरिष्ठांपुढे ठेवला असता तर त्यांच्यावर शिंतोडाही उडाला नसता. त्यांनी तो ठेवला नाही. वाहिनीची नाचक्की केली म्हणून त्यांना दोन महिने त्या कार्यक्रमावरून काढून हवामान वाचायला बसवलं. वहिनी सांगतात, घरी म्हणायचे, बरं आहे, पावसाच्या घरी कोणी रडत नाही. मला हे हवामानाचं प्रकरण चार वर्षांनी कळलं, तेही वहिनींच्या तोंडून. मी भांडायला गेले, तर म्हणाले, "बाई, विचारलं नव्हतं ना मी? मग चूक माझीच."

अध्यक्षांनी आपल्या भाषणात या संस्थेच्या एका नियमाचा अभिमानाने उल्लेख केला. कुठल्याही हकिकतीचं निवेदन ध्वनिमुद्रणाच्या आधी त्या घरच्यांना फोनवर वाचून दाखवायचं. उत्तम नियम आहे, टाळ्याही चांगल्या मिळाल्या. तो हवामानावरून परत आलेल्या या माणसाने एकट्याने सुरू केला. आधी तुम्ही लोक त्याला परवानगीबुवा म्हणून चिडवत होतात, हेही मला वहिनींनी सांगितलं आहे. वहिनी, माफ करा, आज तुमचं सगळंच बाहेर काढते आहे.

फोनवर लोक काय काय सांगत, ते भाऊंनी मला पुढे कधीतरी सांगितलं. एका वडिलांना एवढंच घालून हवं होतं की आमचा मुलगा त्याच आठवड्यात गाडी चालवायच्या परीक्षेत पास झाला होता. एका भावाने सांगितलं, ती गुणी, सुस्वभावी वगैरे काढून टाका, भयंकर भांडखोर होती, तसंच सांगा, नाहीतर आम्हाला ती वाटतच नाही. आणि भाऊंनी तसंच वाचलं. त्या घरात लोक ते वाक्य ऐकून हसले असतील. मला खात्री आहे, कारण मी असते तर हसले असते.

भाऊ, हा माणूस आपल्या माहेरचा असावा असं मला तुमच्याबद्दल फार वर्षं वाटत आलं आहे. तेव्हापासून भिंगरीच्या एकाही वाढदिवसाला तुमचा फोन चुकला नाही. फोनवर तुम्ही फारसं काही बोलत नाही. एवढा मोठा आवाज, आणि आमच्याशी बोलताना तो कुठे ठेवून येता कोण जाणे. आम्ही दोघं तुमच्यावर मनापासून प्रेम करतो. हे तोंडावर सांगायची पद्धत नाही, पण उद्यापासून तुम्ही इथे नसणार, म्हणून सांगते.

तर अध्यक्ष महोदय, विनंती एवढीच की आजच्या अहवालात ते "एकच चूक" काढून टाकावं. बावीस वर्षांत एकही नाही, असं लिहावं. कोणी विचारलं तर माझं नाव सांगावं. मला चालेल. इतकी वर्षं मला ते चालत नव्हतं, म्हणून हा माणूस ती चूक आपल्या डोक्यावर घेऊन फिरला.

माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, वेळ जास्त घेतला असेल, कोणाच्या घरातलं कोणाला कळलं असेल, तर सभेने उदार मनाने पोटात घालावं. वाहिनीचे, आयोजकांचे, माइक खाली करून देणाऱ्याचे आभार. तिसऱ्या रांगेतल्या निळ्या शर्टाचेही, मला इथे उभं राहू दिलं म्हणून.

आणखी एक क्षमा मागायची राहिली. ती इथे बसलेल्यांपैकी कोणाची नाही. भिंगरे, तू मला सांगून गेली होतीस. दारात उभी राहून, नीट, सगळं सांगून गेली होतीस. नाही म्हणाले ती मी. एवढ्यासाठी मला क्षमा कर, बाळा.

बसते मी.